पहिल्या अंकाच्या आधी

२३ नोव्हेंबर १९१० रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या सोमठाणे गावातून ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सुरू झालं. संपादक मुकुंदराव पाटील तेव्हा जेमतेम पंचविशीचे होते. पुढे साप्ताहिकाचं बिऱ्हाड नेवासा तालुक्यातल्या तरवडीला हललं आणि १९६७ साली मुकुंदरावांचं निधन होईपर्यंत तिथंच राहिलं. खेड्यात राहून, खेड्यातल्या माणसांसाठी, एकाच माणसाने सत्तावन्न वर्षं चालवलेलं हे पत्र. आजही कुणाला स्वतःचं छोटं नियतकालिक काढायचं असेल, छापून किंवा इंटरनेटवर, तर त्याने आधी तरवडीचा हा उद्योग नीट समजून घ्यावा. ‘दीनमित्र’ एवढी वर्षं टिकला त्याची बरीचशी कारणं त्याच्या सुरुवातीतच सापडतात.

सुरुवातीचा काळ मुळीच सोपा नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रज सरकारने नवा प्रेस कायदा आणला होता. नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २००० रुपये अनामत मागण्याची तरतूद त्यात होती, आणि मजकूर सरकारला खटकला तर ती जप्त होई. मोठ्या शहरातल्या मालकालाही जड जाईल अशी ही रक्कम.

पैशाची अडचण मुकुंदरावांना घरातूनच ठाऊक होती. त्यांचे जन्मदाते वडील म्हणजे सत्यशोधक चळवळीतले कृष्णराव भालेकर. त्यांनी १ जानेवारी १८७७ ला पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केलं. बहुजन समाजाची बाजू मांडणारं हे आद्य पत्र, पण भालेकरांना ते तीनेक वर्षांपलीकडे रेटता आलं नाही. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत हाती घेतलं म्हणून वाचलं. मजकूर कसदार होता, गरजही होती, तरी वर्गणी आणि छपाई यांचा मेळ बसला नाही की पत्र कसं अडतं, हे मुकुंदरावांनी वेगळं शिकायची गरज नव्हती.

नाव त्यांनी नवं शोधलं नाही. मुकुंदराव दत्तक गेले ते गणपतराव पाटलांच्या घरात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच गणपतरावांनी ‘दीनमित्र’ नावाचं मासिक चालवलं होतं. ते नाव पुन्हा उचलल्यामुळे पत्राचा वाचक कोण आणि बाजू कोणती, हे मुखपृष्ठावरच ठरून गेलं. आज नवं काही सुरू करणारे अनेकजण आकर्षक नावात अडकतात. नाव वाचून वाचकाला आपण कुणाशी बोलतो आहोत ते कळतं का, हा प्रश्न त्यांनी आधी विचारायला हवा.

मग भाषा. १९११ च्या जनगणनेनुसार देशात साक्षर होते शेकडा सहाच्या आसपास. खेड्यात अंक पोचला की वाचणारा एक आणि भोवती ऐकणारे अनेक, अशीच त्या काळाची रीत. म्हणजे कानाला पटेल असं लिहिणं भाग होतं. मुकुंदरावांनी १९१३ मध्ये ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिलं ते ओवीत. विषय गावच्या कुलकर्ण्याचा कागदोपत्री कारभार आणि त्यात पिचणारा शेतकरी. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या मुलखातल्या माणसाच्या कानाला ओवी सवयीची. पोथी ऐकायला बसणाऱ्या श्रोत्याला त्याच्याच ओळखीच्या चालीत दप्तरातल्या लबाडीची गोष्ट ऐकवायची, ही निवड फार विचारपूर्वक केलेली दिसते. ‘होळीची पोळी’, ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ या कादंबऱ्यांतही तोच गावरान, थेट सूर आहे. आपला वाचक बसतो कुठे, ऐकतो काय, हसतो कशाला, हे पक्कं ठाऊक असलेला लेखक विषयांसाठी अडून राहत नाही. सात-बारा, सावकार, देवस्थान, शाळा यांतला प्रत्येक विषय त्याच्या दारातच असतो.

आणि जागा. पुण्या-मुंबईचा मोह टाळून तरवडीत राहणं ही ‘दीनमित्र’ची सगळ्यात मोठी ताकद होती. शहरात बसून खेड्याविषयी लिहिणारे तेव्हाही होते. मुकुंदराव ज्यांच्याविषयी लिहीत, ते दुसऱ्या दिवशी त्यांना रस्त्यात भेटत. यातून जबाबदारी येते आणि बळही मिळतं.

नगर जिल्ह्याला याआधीचा एक अगदी वेगळा अनुभवही होता. अमेरिकन मराठी मिशनने जून १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केला. हेन्री बॅलन्टाइन हे त्याचे पहिले संपादक. काही वर्षांत तो मुंबईला गेला, पण पाठीशी संस्था असल्यामुळे संपादक बदलत राहिले तरी पत्र चालू राहिलं. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये याच ‘ज्ञानोदय’ने छापला. तो तिथे छापला गेला नसता तर आज आपल्या हाती असता का, शंकाच आहे.

संस्था नसेल तेव्हा काय होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला तो शाहू महाराजांनी दिलेल्या २५०० रुपयांच्या मदतीवर, आणि १९२३ मध्ये थांबला. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आलं तेव्हा अंकाचे चोवीस-चोवीस रकाने आपल्यालाच भरून काढावे लागतात, असं बाबासाहेबांनी स्वतः नमूद केलं. एवढा मोठा लेखकही एकट्याच्या बळावर पाक्षिक ओढताना थकतो. म्हणून नवख्याने पहिल्या अंकाआधी एक साधा हिशेब मांडावा: हाताशी किती मजकूर तयार आहे, आणि साप्ताहिक झेपेल की मासिक? रोज लिहायची घोषणा करून दोन महिन्यांत गप्प होण्यापेक्षा महिन्याला एक नेमका अंक कितीतरी चांगला. वाचकाला ठरलेल्या दिवसाची सवय लागते, आणि ती एकदा मोडली की पुन्हा लावणं फार कठीण जातं.

कायद्याची बाजू आता पुष्कळ सोपी झाली आहे. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा १ मार्च २०२४ पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ ने घेतली. पूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात डिक्लेरेशन, मग दिल्लीहून शीर्षकाची पडताळणी, मग नोंदणी, अशा फेऱ्या असत. आता शीर्षक आणि नोंदणी या दोन्हींसाठी ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर एकत्रच अर्ज करता येतो. एक अट मात्र विसरू नये. त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा त्याच राज्यात कुठल्याही भाषेत, सारखं वा मिळतंजुळतं शीर्षक आधी असेल तर ते मिळत नाही. दोन-तीन पर्यायी नावं तयार ठेवलेली बरी.

छापायचं नसेल, फक्त इंटरनेटवर लिहायचं असेल, तरी तरवडीचा धडा जसाच्या तसा लागू पडतो. जागा स्वतःची हवी. फुकट जागा देणाऱ्या कंपनीचा विचार बदलला की तिथलं सगळं लेखन जातं. याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज ही फुकट वेबपानांची सेवा बंद केली तेव्हा लोकांनी घरबसल्या उभी केलेली असंख्य पानं एका फटक्यात गेली. त्यामुळे डोमेन सुरुवातीलाच स्वतःच्या नावावर नोंदवावं. २०१४ पासून देवनागरीत .भारत हे डोमेनही मिळतं. पत्ता आपला असला की आतली व्यवस्था कितीही वेळा बदलली तरी वाचक त्याच दारी येतो. दरवर्षीचं नूतनीकरण तेवढं विसरायचं नाही.

दुसरी गोष्ट अक्षरांची. मराठी डीटीपीची कित्येक वर्षं श्रीलिपीसारख्या फॉन्टवर गेली. त्या जुन्या फायली तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या तर अगम्य चिन्हं दिसतात आणि शोधून काही सापडत नाही. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये लिहिलं तर दहा वर्षांनीही एखादं गावाचं नाव टाकून जुना लेख काढता येतो. प्रत्येक लेखावर तारीख, आणि मागाहून दुरुस्ती केली तर तिची नोंद, एवढी शिस्त पुरेशी आहे.

शेवटचा मुद्दा जतनाचा, आणि मराठी नियतकालिकं सर्वांत जास्त मार खातात ती इथेच. अंक निघतो, वाटला जातो, वाळवी लागते, संपतो. ‘दीनमित्र’चे अंक उरले म्हणून अभ्यासक गेल ऑम्वेट यांना १९७६ च्या आपल्या ग्रंथात ब्राह्मणेतर चळवळीचा इतिहास खेड्याच्या बाजूने मांडताना त्यांचा आधार घेता आला. जतनासाठी कायदाही आहे. १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा १९५६ पासून वृत्तपत्रांनाही लागू झाला. त्यानुसार प्रत्येक अंकाची प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली सार्वजनिक ग्रंथालयं यांना पाठवायची असते. छोटे प्रकाशक हे काम टपालखर्चाच्या भीतीने टाळतात. त्यांनी ते टाळू नये. इंटरनेटवर लिहिणाऱ्याने वर्षाचा सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावा, आणि जमलं तर एक छापील बाड बांधून गावच्या वाचनालयात द्यावं.