मूत्रपिंडातील पेशीला प्रवाह कसा कळतो?

आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातील दीड-दोन लिटरच मूत्रावाटे बाहेर पडतो. उरलेला सूक्ष्म नलिकांच्या भिंतीतील पेशी पुन्हा शोषून घेतात. समोरून वाहणाऱ्या द्रवाचा वेग या पेशींना कळतो तरी कसा? प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी धरून अखेर डायलिसिसची वेळ आणणाऱ्या ‘पॉलिसिस्टिक किडनी’ या आनुवंशिक विकाराशी तो निगडित आहे.

नलिकेतील बहुतेक पेशींवर केसासारखा एकेक तंतू असतो. त्याला ‘प्राथमिक सिलियम’ म्हणतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढी. बराच काळ तो निरुपयोगी अवशेष मानला जाई. इतक्या बारीक तंतूवरील ताण मोजणार कसा? येथे संगणक कामी आला. १९९७ मध्ये श्वार्ट्झ, बाऊझर आणि सहकाऱ्यांनी हा तंतू एका टोकाला रोवलेली लवचिक काठी मानून गणिती प्रारूप तयार केले. ओढ्यातील लव्हाळ्यासारखाच हा प्रकार! भिंतीलगत प्रवाह जवळजवळ थबकलेला असतो, आत तो वेगवान होतो. साहजिकच लांब तंतूच्या शेंड्याला अधिक रेटा बसतो. प्रारूपातून निघालेला बाक सूक्ष्मदर्शकातील बाकाशी ताडून पाहिला, की तंतूचा ताठरपणा कळतो. तंतूचे बूड भिंतीत घट्ट नसून तेही थोडे कलते, हे पुढील प्रारूपांनी विचारात घेतले.

तंतू वाकला की पेशीतील कॅल्शियम वाढते, हे प्रेटोरियस आणि स्प्रिंग यांनी २००१ मध्ये कुत्र्याच्या मूत्रपिंडातील पेशींवर दाखवले. २००३ मध्ये नाउली आणि सहकाऱ्यांनी त्यामागे पॉलिसिस्टिन-१ व २ ही प्रथिने असल्याचे मांडले. ‘पॉलिसिस्टिक’ विकारात बहुधा याच प्रथिनांची जनुके सदोष असतात. सारे धागे जुळल्यासारखे वाटले.

मात्र २०१६ मध्ये डेलिंग, क्लॅपहॅम आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या तंतूंतच कॅल्शियमदर्शक प्रथिन बसवून पाहिले. प्रवाह कितीही वाढवला, तरी तंतूतून कॅल्शियम आत शिरताना दिसले नाही; ते आधी पेशीत वाढून मग तंतूत पसरत होते. वाद मिटलेला नाही. तंतू किती वाकेल, ताण कोठे येईल, हे प्रारूप सांगते. त्या ताणाने पेशीचे कोणते दार उघडते, हे प्रयोगालाच विचारावे लागते. विकाराची गती मंदावणारे टॉल्व्हॅप्टन हे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. पण ते व्हॅसोप्रेसिन संप्रेरकाचा परिणाम रोखते, तंतूच्या कोड्याला हातही लावत नाही.