जावास्क्रिप्टमधील मॉड्यूल-पद्धतींचा विसंवाद आणि युनिट टेस्ट

संगणकाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला गोंधळात टाकणारा एक प्रसंग वारंवार येतो. त्याने तयार केलेला जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालतो. परंतु त्याचीच युनिट टेस्ट घेताच ‘अनएक्स्पेक्टेड टोकन एक्स्पोर्ट’ असा संदेश पडद्यावर येतो. चूक आपलीच, असे समजून तो बरोबर असलेला प्रोग्रॅम बदलत बसतो किंवा टेस्टच सोडून देतो. वस्तुतः येथे दोष प्रोग्रॅममध्ये नसून दोन मॉड्यूल-पद्धतींच्या विसंवादात असतो. हा भेद शिक्षकाने प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

१९९५ साली जावास्क्रिप्ट अस्तित्वात आली तेव्हा एका फाइलने दुसरीतील भाग मागवून घेण्याची सोय भाषेत नव्हती. २००९ साली नोड-जेएस आले व त्याने कॉमनजेएस ही पद्धत स्वीकारली. तीत ‘रिक्वायर’ या शब्दाने दुसरी फाइल मागवतात. पुढे २०१५ च्या ईसीएमएस्क्रिप्ट मानकाने ‘इम्पोर्ट’ व ‘एक्स्पोर्ट’ हे शब्द भाषेतच आणले. हीच ईएस मॉड्यूल पद्धत होय. ‘किताब’ हा शब्द उर्दू लिपीत लिहिला काय किंवा देवनागरीत लिहिला काय, अर्थ तोच राहतो. पण एकच लिपी जाणणारा वाचक दुसरीपुढे अडतो. तसेच येथे घडते.

जेस्ट हे टेस्टचे साधन सामान्यतः फाइल कॉमनजेएस म्हणून वाचते. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फाइलींचे रूपांतर बेबल हे साधन आधी करून देते. मात्र बाहेरच्या लायब्रऱ्या तयार रूपातच येतात असे गृहीत धरून ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डरातील फाइली जेस्ट रूपांतरातून वगळते. ‘लोडॅश-ईएस’ ही लायब्ररी केवळ ईएस मॉड्यूल पद्धतीत असल्यामुळे तिच्या पहिल्याच ‘एक्स्पोर्ट’ शब्दावर टेस्ट थांबते.

यावर पुढील उपाय आहेत.

१) जेस्टच्या ‘ट्रान्सफॉर्म-इग्नोर-पॅटर्न्स’ या नियमात त्या लायब्ररीचा अपवाद नोंदवावा, म्हणजे तिचेही रूपांतर होईल. बेबलचे नियम मात्र ‘बेबल-कॉन्फिग’ फाइलीत असावेत. ‘बेबल-आरसी’ फाइलीतील नियम बाहेरच्या लायब्ररीला लागू होत नाहीत.

२) ‘मॉड्यूल-नेम-मॅपर’ने टेस्टपुरते ‘लोडॅश-ईएस’च्या जागी कॉमनजेएस पद्धतीतील ‘लोडॅश’ द्यावे. दोन्हींची आवृत्ती एकच असावी. अन्यथा टेस्ट एकाची आणि वापर दुसऱ्याचा, असे होईल.

३) लायब्ररीऐवजी नकली रूप, म्हणजे मॉक, वापरावे. यात विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम तपासला जातो, लायब्ररीशी असलेला त्याचा मेळ तपासला जात नाही.

लायब्ररीच्या फाइलीत हाताने फेरफार करणे हा उपाय नव्हे. ती पुन्हा इन्स्टॉल करताच तो फेरफार नाहीसा होतो.

उपाय निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. संदेशात नोंदलेली फाइल कोणत्या फोल्डरातील आहे? आणि त्या लायब्ररीच्या ‘पॅकेज-जेसन’ फाइलीत ‘टाइप’पुढे ‘मॉड्यूल’ असे लिहिले आहे काय? फाइल ‘नोड मॉड्यूल्स’मधील असून दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी आल्यास विद्यार्थ्याने आपल्या प्रोग्रॅमला हात लावण्याचे कारण नाही. दोष कोठे आहे हे ठरवूनच दुरुस्तीस लागावे, ही सवय जडली तर त्या तासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.