अल्टाडेनाची हवा तोलताना

कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेनात ओळखीच्यांचं घर आगीतून वाचलं होतं. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की मात्र राख लागायची, आणि फोनवरच्या हवेच्या नकाशात त्याच भागाचा ठिपका हिरवागार, म्हणजे हवा उत्तम. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? हवा मोजणाऱ्यांबरोबर मी एका इमारतीच्या गच्चीवर गेले ती त्यासाठी.

7 जानेवारी 2025 ला पेटलेल्या ईटन आगीत 9,000हून अधिक बांधकामं गेली. झाडाझुडपांबरोबर वायरी, गाड्या, बॅटऱ्या, भिंतींचे रंग जळाले. घरांसाठी शिशाच्या रंगावर अमेरिकेत 1978 मध्ये बंदी आली; इथली बहुतेक घरं त्याआधीची. जळक्या वायरीचा उग्र वास गच्चीपर्यंत येत होता.

गच्चीवरचा पंप हवा ओढतो, जाड धूळ वरच अडते आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण एका पांढऱ्या चकतीवर बसतात. दिवसाला 24 घनमीटर हवा, तंत्रज्ञ तरुणी म्हणाली. जुनी चकती चिमट्यानं उचलताना तिनं श्वास रोखला होता. चकती राखाडी पडली होती. घनमीटरला 35 मायक्रोग्रॅम ही तिथली दिवसाची मर्यादा (आपल्याकडे 60). हवा त्या मर्यादेवर असली, तरी 24 घनमीटरमधून साचलेली धूळ एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. वजनाआधी चकती ठरावीक तापमानाच्या, ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत दिवसभर ठेवतात. बोटाचा घाम लागला तरी हिशेब चुकला.

फोनवरचा ठिपका ज्यांच्यावरून रंगतो, ते घराघरांवरचे स्वस्त सेन्सर लेझरच्या उजेडात कण मोजतात. धूर आला की मिनिटांत सांगतात, आणि आगीच्या रात्री त्यांचाच आधार होता. पण कण शिशाचा की मातीचा, हे त्यांना कळत नाही. वाऱ्यानं उडणारी राख तर बहुतेक वेळा इतकी जाड असते, की ती त्यांच्या मोजणीत येतच नाही. कठड्यावरची राख ठिपक्यात का दिसली नाही, ते तिथे उलगडलं. चकतीवर क्ष-किरण टाकले की शिसं सापडतं. उत्तराला वेळ लागतो.

घरी परतलेल्यांना काय सांगतेस, असं मी तिला विचारलं. ओल्या फडक्यानं पुसा, ब्लोअर लावू नका, मुलांना अंगणातल्या मातीत खेळू देऊ नका. आकडा तिनं एकही सांगितला नाही. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी पातळीच नाही.

खाली राडारोडा ट्रकमध्ये भरला जात होता. तो उचलून होईपर्यंत प्रत्येक वस्तीत अशी चकती बसवायला हवी होती, आणि तिचा निकाल तिथे राहणाऱ्यांच्या हातात त्याच आठवड्यात पडायला हवा होता.