फेरीची नोंद आणि नजरेचा पुरावा

तुरुंगातील पहारेकऱ्याची दोन कामे वरवर सारखी दिसत असली, तरी त्यांचे हेतू अगदी वेगळे आहेत. शिरगणती, म्हणजे तुरुंगाच्या बोलीतली गिनती, कोणी पळालेले नाही याची खातरजमा करण्यासाठी असते. कोठडीची पाहणी मात्र आतला माणूस जिवंत आणि सुखरूप आहे की नाही, हे जाणून घेण्यासाठी असते. गिनतीत आकडा जुळला की काम संपते, तर पाहणीत प्रत्येक दारापाशी थांबून आत नजर टाकावी लागते आणि ते रात्रंदिवस, ठरावीक अवधीच्या आत पुन्हा पुन्हा करावे लागते. अमेरिकेतील अनेक तुरुंगांत या पाहणीच्या नोंदीसाठी कागदी वहीऐवजी हातात मावणारा, मोबाइल फोनसारखा स्कॅनर वापरला जातो. या बदलाला तंत्रज्ञानाची प्रगती जितकी कारणीभूत आहे, त्याहून अधिक कारणीभूत खोट्या नोंदींचा इतिहास आहे.

अमेरिकेत ‘प्रिझन’ आणि ‘जेल’ या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. प्रिझनमध्ये दीर्घ शिक्षा झालेले कैदी असतात, तर काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या, शेरीफकडे बहुधा ज्याचा कारभार असतो त्या जेलमध्ये नुकतेच अटक झालेले, जामिनाची वाट पाहणारे किंवा थोड्या मुदतीची शिक्षा भोगणारे लोक ठेवले जातात. त्यांच्यातला एखादा नशेत असतो, एखाद्याची नशा उतरत असताना प्रकृती ढासळते, तर एखादा अटकेच्या धक्क्यानेच खचलेला असतो. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाच्या अहवालानुसार 2019 मध्ये स्थानिक जेलमध्ये 1,200 जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी 355 मृत्यू आत्महत्येचे होते. अन्य कोणत्याही एका कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते. 2005 आणि 2006 या दोन वर्षांतील जेलमधील 464 आत्महत्यांचा जो राष्ट्रीय अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जवळपास चतुर्थांश घटना तुरुंगात आल्यापासून पहिल्या 24 तासांत घडल्याचे आढळले. टेक्सासच्या नियमांनुसार प्रत्येक कैद्याची तासातून किमान एकदा आणि आत्महत्येचा धोका असलेल्या, मनोरुग्ण किंवा हिंसक कैद्यांची दर अर्ध्या तासाला समोरासमोर पाहणी करावी लागते, त्यामागे हेच वास्तव आहे.

नियम कडक असला तरी त्याच्या पालनाचा एकमेव पुरावा, म्हणजे वहीतील वेळ आणि सही, ज्याने फेरी मारायची त्याच्याच हातात राहिला, आणि टेबलाशी बसून पाळीच्या शेवटी सगळे रकाने एकदम भरता येतात हे कोणालाही सांगण्याची गरज नव्हती. पहारेकऱ्यावर पहारा ठेवण्याची ही अडचण मुळात कारखाने आणि गोदामांची होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मनीतील श्वेनिंगेन येथील योहानेस ब्युर्क यांनी तिच्यावर तोडगा म्हणून रखवालदाराने खांद्याला अडकवून न्यायचे घड्याळ तयार केले. इमारतीत ठिकठिकाणी साखळीने बांधलेल्या किल्ल्या असत. प्रत्येक ठिकाणची किल्ली घड्याळात फिरवली की आतल्या कागदावर त्या जागेची खूण आणि वेळ उमटे. आजच्या स्कॅनरमागची कल्पना मूलतः हीच आहे. मधल्या टप्प्यात अमेरिकी तुरुंगांत भिंतीवर बसवलेली स्टीलची बटणे आली. प्रत्येक बटणात स्वतःचा क्रमांक असलेली चिप असे आणि पहारेकरी हातातली धातूची कांडी बटणाला टेकवून पुढे जात असे. पाळी संपल्यावर कांडीतील नोंदी संगणकावर उतरवल्या जात, त्यामुळे चुकलेली फेरी कळायची, पण चुकून गेल्यानंतर.

आताच्या पद्धतीत कोठडीच्या दाराजवळ रेडिओ लहरींवर चालणारा छोटा टॅग बसवलेला असतो. त्याला बॅटरी लागत नाही. स्कॅनर काही सेंटिमीटरवर आला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच टॅगला ऊर्जा मिळते आणि तो आपला क्रमांक सांगतो. संपर्करहित बँक कार्डातही 13.56 मेगाहर्ट्झ वारंवारतेचे हेच तंत्र वापरलेले असते. टॅगचा क्रमांक, लॉगिन केलेल्या कर्मचाऱ्याची ओळख आणि सर्व्हरशी जुळवलेल्या घड्याळातील वेळ यांची मिळून एक नोंद तयार होते, आणि नंतर ती दुरुस्त केली तरी मूळ नोंद पुसली जात नाही. जेवण दिले, औषध घेण्यास नकार दिला, आंघोळीला नेले, यांसारख्या बाबी पडद्यावरील यादीतून निवडता येतात. नियंत्रण कक्षातील पडद्यावर प्रत्येक विभागाची उलटी मोजणी चालू असते, त्यामुळे मुदत संपत आली की रंग बदलतो आणि पर्यवेक्षकाला फेरी चुकण्याआधीच सूचना मिळते. काँक्रीट आणि पोलादाच्या इमारतीत वाय-फाय हमखास तुटते, म्हणून उपकरणाला नोंदी स्वतःजवळ साठवून नंतर पाठवाव्या लागतात. शिवाय लोखंडी दारावर साधा टॅग वाचता येत नसल्याने त्याच्या पाठीशी फेराइटचा थर असलेले खास टॅग लावावे लागतात. टॅगऐवजी छापील बारकोड स्वस्त पडतो खरा, परंतु त्याची छायाप्रत काढून ती टेबलाच्या खणात ठेवली की सगळी फेरी खुर्चीत बसून पूर्ण करता येते, आणि मग यंत्र बसवूनही प्रश्न मूळ जागी येतो.

या यंत्रणेला कायद्याचे बळ मिळाले ते टेक्सासमध्ये. जुलै 2015 मध्ये वाहतूक नियमाच्या किरकोळ कारणावरून अडवल्यानंतर अटक झालेल्या सँड्रा ब्लँड या 28 वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीचा तीन दिवसांनी वॉलर काउंटीच्या जेलमध्ये मृत्यू झाला. तो आत्महत्येमुळे झाल्याचा निष्कर्ष वैद्यकीय तपासणीत निघाला आणि त्यावर देशभर वाद झाला. तासातून एकदा समोरासमोर पाहणी करण्याचा नियम तेथे पाळला गेला नव्हता, असा ठपका राज्याच्या तुरुंग मानक आयोगाने ठेवला. कुटुंबीयांच्या दाव्यात 2016 मध्ये 19 लाख डॉलरची तडजोड झाली आणि तिच्या अटींमध्ये पाहणीची वेळेवर खात्री करणारी इलेक्ट्रॉनिक संवेदक यंत्रणा बसवणे हेही होते. पुढच्याच वर्षी ब्लँड यांच्या नावाने संमत झालेल्या कायद्याने, धोक्यातील कैद्यांच्या कोठड्यांची प्रत्यक्ष पाहणी वेळच्या वेळी होते याची खातरजमा करणारे स्वयंचलित संवेदक किंवा कॅमेरे काउंटी जेलमध्ये बसवण्याची तरतूद केली.

दुसरे प्रकरण जगभर गाजले. 10 ऑगस्ट 2019 रोजी न्यूयॉर्कमधील संघराज्य सरकारच्या तुरुंगात अल्पवयीन मुलींच्या लैंगिक तस्करीच्या आरोपाखाली अटकेत असलेला धनाढ्य जेफ्री एपस्टीन मृतावस्थेत सापडला, तेव्हा त्या विभागात दर अर्ध्या तासाने फेरी आणि रात्रीतून अनेकदा गिनती झाल्याच्या सह्या कागदोपत्री होत्या. सरकारी आरोपपत्रानुसार त्या रात्रीच्या 75 हून अधिक अर्ध्या-तासाच्या फेऱ्यांच्या नोंदी खोट्या होत्या, आणि हे उघडकीस आले ते सामाईक जागेतील कॅमेऱ्याच्या चित्रणामुळे, ज्यात पहाऱ्यावरचे दोन्ही कर्मचारी बराच काळ आपल्या टेबलापाशीच दिसत होते. दोघेही जादा पाळीवर होते. पुढे त्यांच्यावरील खटला सामाजिक सेवेच्या अटीवर मागे घेण्यात आला, आणि न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी 2023 मधील अहवालात तेथील मनुष्यबळाच्या तुटवड्यासह कारभारातील अनेक त्रुटींवर बोट ठेवले.

अशा घटनांवरून स्कॅनरची गरज सिद्ध होते, असे त्याचे विक्रेते सांगतात; ते खोटे नाही, पण अपुरे आहे. स्कॅन झाल्याने कर्मचाऱ्याचा हात अमुक वेळी दाराजवळ होता एवढेच ठरते. त्याने आत पाहिले का, आणि पाहिले असेल तर काय दिसले, हे ठरत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांचा 2022 चा अहवाल या दृष्टीने मननीय आहे. सॅन दिएगो काउंटीच्या जेलमध्ये 2006 ते 2020 या काळात 185 जण मरण पावले होते. परीक्षकांनी चित्रण तपासले तेव्हा कर्मचारी कोठडीत जेमतेम सेकंदभर नजर टाकून, काही वेळा चालण्याचा वेगही कमी न करता, पुढे जाताना आढळले, आणि नंतर नीट पाहिले गेले तेव्हा काही कैदी कित्येक तासांपूर्वीच मरण पावल्याची चिन्हे दिसली. अशा फेरीची डिजिटल नोंद घेतली असती, तर तीही निर्दोषच ठरली असती. कैद्याच्या मनगटपट्ट्यावरील टॅग स्कॅन करण्याची पद्धत याहून पुढची आहे, कारण तिथे माणसाजवळ जावे लागते. पण झोपलेल्या प्रत्येकाला रात्री अर्ध्या अर्ध्या तासाने उठवणे हा स्वतःच एक छळ होतो.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. त्याची खरी उपयुक्तता एकेका नोंदीत नसून हजारो नोंदींच्या क्रमात आहे. लागोपाठच्या दोन कोठड्यांच्या स्कॅनमध्ये एखाद-दोन सेकंदांचेच अंतर असेल, तर तिथे कोणीही थांबले नव्हते हे कॅमेऱ्याशिवाय कळते. उलट, दररोज रात्री बरोबर तीस-तीस मिनिटांनी होणारी फेरीही चांगली नव्हे, कारण ती किती वाजता येणार हे आतल्या माणसाला पाठ होते. म्हणूनच तज्ज्ञ कमाल मर्यादेच्या आत राहून अनियमित अंतराने फेऱ्या मारण्याचा आग्रह धरतात, आणि तो पाळला जातो की नाही हे कागदावर शोधणे जवळजवळ अशक्य असले तरी संगणकाला क्षणाचे काम आहे. शिवाय या नोंदी कर्मचाऱ्याइतक्याच प्रशासनाच्याही विरोधात बोलू शकतात. समजा, 60 कोठड्या एकट्या माणसाकडे आहेत आणि प्रत्येक दाराशी त्याने केवळ 10 सेकंद द्यायचे ठरवले, तर चालण्याचा वेळ धरला नाही तरी अर्ध्या तासातली 10 मिनिटे पाहणीतच जातात. मग जेवण, औषधे, दूरध्वनी आणि भांडणे कोणी पाहायची? उशिरा झालेल्या फेऱ्यांचा आलेख वरिष्ठांपुढे ठेवला गेला तर तो नवीन भरतीची मागणी ठरतो, पण प्रत्यक्षात बहुतेकदा त्यातून खालच्या माणसाला दिलेली कारणे दाखवा नोटीसच निघते.

पाहणी म्हणजे काय, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर इंग्लंड आणि वेल्समधील पोलीस कोठड्यांच्या नियमावलीत सापडते. नशेत असल्याचा संशय असलेल्या व्यक्तीला तेथे किमान दर अर्ध्या तासाने भेट देऊन जागे करावे लागते आणि तिला नाव काय, राहता कुठे, आत्ता आपण कुठे आहात, असे साधे प्रश्न विचारावे लागतात, तसेच हात वर करायला सांगावे लागते. तेथील पुरावा पहारेकऱ्याकडून नव्हे, तर कैद्याकडून येतो. स्कॅनरच्या पडद्यावर ‘सर्व ठीक’ हे एकच बटण ठेवण्याऐवजी हा प्रतिसाद नोंदवण्याची सक्ती करता येणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही.

भारतात हे उपकरण जसेच्या तसे आणून चालणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांची क्षमता 4,36,266 असताना त्यांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे खटला अद्याप न संपलेले होते. कैद्यांचा प्रवेश, न्यायालयीन तारखा, भेटी आणि सुटका यांच्या नोंदी ई-प्रिझन्स या संगणकप्रणालीत होतात; पण महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत कैदी एकेकट्या कोठडीत नव्हे, तर अनेक जणांच्या बराकीत राहतात. सायंकाळी गिनती होऊन बराकीला कुलूप लागल्यानंतर पाहणी मुख्यतः गजांबाहेरून होते. आतल्या देखरेखीचा काही भार परंपरेने कैद्यांमधूनच नेमलेल्या वॉचमन आणि वॉर्डरांवर राहिला. 1894 च्या तुरुंग कायद्यात अशा ‘कैदी-अधिकाऱ्यां’ची तरतूद आहे आणि अंदमानच्या कथनांतून मराठी वाचकांना ठाऊक असलेले पेटी ऑफिसर याच व्यवस्थेतले. बराकीच्या दारावर एक टॅग लावला, तर आत दाटीने झोपलेल्या माणसांपैकी कोणाला ताप आहे, कोण दिवसभर जेवलेले नाही, यांतले काहीही त्या टॅगमधून कळणार नाही. येथे स्कॅनरचा उपयोग करायचाच असेल, तर तो दारापेक्षा नव्याने आलेल्या कैद्याच्या पहिल्या काही दिवसांच्या वैद्यकीय तपासणीला, औषधवाटपाला आणि स्वतंत्र कोठडीत ठेवलेल्या मोजक्या बंद्यांना जोडावा लागेल.