सिॲटलचा दुकानदार भिवंडीत कशाला आला?

मुंबई-नाशिक हायवेने माणकोलीवरून गेलात की गोदामांची रांग संपता संपत नाही. ॲमेझॉनने जून 2013 मध्ये भारतात धंदा सुरू केला, तेव्हा त्यांचं देशातलं पहिलं गोदाम आपल्या भिवंडीतच होतं. भिवंडीच का, हे सोपं आहे. न्हावा-शेवा बंदर जवळ, मुंबईचं गिऱ्हाईक पुढ्यात, आणि 2017 मध्ये जीएसटी येईपर्यंत मुंबईच्या जकात नाक्याच्या अलीकडे माल ठेवता यायचा. पण मुळात घर सोडून एवढ्या लांब यायचंच कशाला?

कारण घरचं गिऱ्हाईक कधीतरी पुरत नाही. आयकिया बघा. 2011 च्या जनगणनेत आपल्या जुन्या, पालघरसकट ठाणे जिल्ह्यात 1 कोटी 10 लाख माणसं होती. अख्ख्या स्वीडनमध्ये आजही तेवढी नाहीत! तिथे कपाटं विकून विकून किती विकणार? म्हणून 1963 मध्येच ते शेजारच्या नॉर्वेत गेले. आधी शेजारी, हे लक्षात घ्या. हैदराबादला यायला 2018 उजाडलं आणि तुर्भ्याला डिसेंबर 2020.

दुसरं कारण वेळेचं. वॉलमार्टने 2018 मध्ये 16 अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा सुमारे 77 टक्के हिस्सा घेतला. शून्यापासून गिऱ्हाईक जोडण्यापेक्षा जोडलेलं विकत घेतलं.

पण पैसा असला म्हणजे जमतंच असं नाही हं. हेच वॉलमार्ट 2006 मध्ये जर्मनीतून बाहेर पडलं. तिथे आल्डीसारखे स्वस्त दुकानदार आधीच पाय रोवून बसले होते. फ्रान्सच्या कारफूरने भारतात 2010 मध्ये घाऊक दुकान उघडलं, 2014 मध्ये गाशा गुंडाळला.

आता तुमच्या कामाचं. परदेशी गुंतवणुकीच्या ऑनलाइन कंपनीला आपल्या कायद्याने स्वतःचा माल थेट गिऱ्हाईकाला विकता येत नाही. ती फक्त बाजार चालवते. माल विक्रेत्याचा, म्हणजे तुमचाही असू शकतो. माझ्या मते लूमवाल्याने आधी इथेच हात बसवावा. ग्रे कापड मीटरवर विकून व्यापारी सांगेल तो भाव घेण्यापेक्षा शिवलेली उशीची खोळ स्वतःच्या नावाने विकून बघा.

ते जमलं की बाहेरचा विचार. डीजीएफटीच्या साइटवर आयईसी काढायला सरकारी फी 500 रुपये आहे, नंबर तुमचा पॅनच असतो. जीएसटीत एलयूटी भरलं की निर्यातीवर कर आधी भरून मग परतावा मागत बसावं लागत नाही. छोटी पार्सलं डाक घर निर्यात केंद्रातूनही जातात.

खरी मेख परत येणाऱ्या मालात आहे. 400 रुपयांची चादर दुबईहून परत आणायचं भाडं चादरीपेक्षा जास्त पडू शकतं. मग ती तिथेच सोडावी लागते, म्हणजे 400 गेले आणि जाण्याचं भाडंही गेलं. म्हणून भाव ठरवताना दहातली एक चादर परत येणार असं धरून तिचा खर्च उरलेल्या नऊंवर टाका. त्या भावाला तिथलं गिऱ्हाईक घेतं का, हे 20-30 नगांवर कळतं. त्यासाठी 500 नग पाठवून लूमचं भांडवल अडकवू नका.