दूरदेशीचे भन्ते, आपल्या वस्तीचे

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण पांढरी वस्त्रे नेसून विहारात जातो. मुले त्रिसरण-पंचशील घडाघडा म्हणतात. पण घरी आल्यावर एखाद्या चिमुरड्याने विचारले, “आई, बाबासाहेबांना दीक्षा कुणी दिली?” तर किती घरांत उत्तर मिळेल? आम्ही आमच्याच चाळीत विचारून पाहिले. वयस्कर मंडळींनी लगेच नाव सांगितले. तरुणांपैकी बरेच जण एकमेकांकडे पाहू लागले. म्हणून हा लेख.

कुशीनगरचे वृद्ध भन्ते

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर. प. पू. बाबासाहेब आणि माईसाहेबांनी भदन्त चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून त्रिसरण-पंचशील ग्रहण केले. हे भन्ते मूळचे ब्रह्मदेशाच्या आराकान भागातले. तरुणपणीच भारतात आले आणि भगवंतांच्या महापरिनिर्वाणाची भूमी असलेल्या कुशीनगरला राहिले. ज्या देशातून बुद्धाचे नाव पुसले गेले होते, त्या देशात त्यांनी सारे आयुष्य घालवले. भारतातील सर्वांत ज्येष्ठ भिक्खू म्हणून बाबासाहेबांनी त्यांना बोलावले होते. १९७२ साली कुशीनगरलाच त्यांचे निर्वाण झाले.

पण लक्षात घ्या, भन्तेंनी बाबासाहेबांना दीक्षा दिली आणि लाखोंना ती बाबासाहेबांनी स्वतः दिली, बावीस प्रतिज्ञांसह. गुरू वर आणि भक्त खाली, अशी उतरंड बाबासाहेबांनी उभीच राहू दिली नाही. ज्याने धम्म घेतला त्याने तो दुसऱ्याला द्यावा, ही त्यांची रीत.

सहा डिसेंबरची ती रात्र

दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. नागपुरात भिक्खू संघरक्षित आले होते. जन्माने इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून भारतात आलेले, पुढे चीवर घेतलेले. विशेष म्हणजे १९४९ साली त्यांना श्रामणेर दीक्षा दिली होती ती याच चंद्रमणी महास्थविरांनी! म्हणजे बाबासाहेब आणि हे इंग्रज भिक्खू एकाच हातून धम्मात आले. दोघांची गाठ १९५२ पासून पडलेली.

६ डिसेंबर १९५६ ला ते नागपुरात पोहोचले आणि थोड्याच वेळात बातमी आली, बाबासाहेब गेले. संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर माणसांचा महापूर. व्यासपीठ नाही, व्यवस्था नाही. बोलायला उठलेल्या कार्यकर्त्यांचे गळे दाटून येत होते. शेवटी हे गोरे भन्ते एका रिक्षात उभे राहिले आणि बोलले. बाबासाहेब आपल्यात आहेत, त्यांनी दिलेला धम्म पुढे नेणे हेच आपले काम, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. पुढचे चार दिवस ते वस्तीवस्तीत फिरले, तीसहून जास्त सभा घेतल्या. पोरक्या झालेल्या समाजाचा हात त्या दिवसांत ज्यांनी धरला, त्यांत हे एक होते.

इकडे मुंबईत १६ डिसेंबरला मोठा दीक्षा सोहळा ठरला होता. तो बाबासाहेबांच्या डोळ्यांदेखत व्हायचा होता. झाला तो ७ डिसेंबरला, दादरला, चितेच्या साक्षीने. लाखावर लोकांनी रडत रडत दीक्षा घेतली. दीक्षा देणारे होते भदन्त आनंद कौसल्यायन, पंजाबात जन्मलेले आणि श्रीलंकेत भिक्खू झालेले.

आले ते राहिले

दीक्षा द्यायची, फोटो काढायचा आणि निघून जायचे, असे या माणसांनी केले नाही. भदन्त कौसल्यायनांनी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ हिंदीत आणला आणि त्यातील वचनांची पालीतील मुळे शोधून काढली. पुढे ते नागपुरातच राहिले. १९८८ साली त्यांनी देह ठेवला तोही नागपुरातच.

जपानहून आलेले भदन्त सुरेई ससाई साठच्या दशकात भारतात आले आणि नागपूरच्या वस्त्यांत रमले. त्यांची हिंदी ऐकून लोक हसत आणि प्रेमही करत. परवान्याच्या मुदतीवरून त्यांना देशाबाहेर पाठवण्याची वेळ आली तेव्हा रिक्षावाले, मजूर, आयाबाया रस्त्यावर उतरल्या. भन्ते भारताचे नागरिक झाले. कुणी कुणाला सांभाळले, सांगा पाहू?

संघरक्षित १९६४ साली इंग्लंडला परतले, पण नाते तुटले नाही. त्यांचे इंग्रज शिष्य लोकमित्र १९७७ साली भारतात आले. नागपुरातली धम्मक्रांतीची एकविसावी जयंती त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि ते पुण्यात स्थायिक झाले. शिबिरे, वसतिगृहे, धम्मवर्ग यांचे जाळे त्यातून उभे राहिले.

नाते डोळस हवे

एक गोष्ट लपवून चालणार नाही. संघरक्षितांच्या वागणुकीबद्दल त्यांच्याच काही शिष्यांनी पुढे गंभीर तक्रारी केल्या आणि २०१६ साली त्यांनी खेद व्यक्त केला. २०१८ साली ते गेले. कस्तुरचंद पार्कची ती रात्र खरी आहे आणि या तक्रारीही खऱ्या आहेत. गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतःच्या अनुभवावर पारखून घ्या, ही शिकवण भगवंतांनी कालामांना दिली होती. आपले नाते चीवराशी आहे, पण त्याहून आधी धम्माशी आहे.

भिक्खू कशासाठी? स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की लोकांची सेवा करण्यासाठी? हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच विचारला आहे. वस्तीत राहिलेल्या भन्तेंनी आपल्या परीने त्याचे उत्तर दिले. आता प्रश्न आपल्याला आहे. नामकरण, मंगल परिणय आणि पुण्यानुमोदन एवढ्यापुरते भन्तेंना बोलवायचे, दान हातावर ठेवायचे आणि वर्षभर विसरायचे, याला नाते म्हणायचे का?

आमचे एक साधे सांगणे आहे. या वर्षावासात एका संध्याकाळी भन्तेंना घरी बोलवा. डाळ-भात असला तरी चालेल. मुलांना जवळ बसवा आणि भन्तेंना विचारू द्या, “तुम्ही घर का सोडले?” मग आजीला विचारू द्या, “तू दीक्षा घेतलीस तेव्हा काय वाटले?” आजीचे उत्तर एका वहीत लिहून ठेवा. चितेसमोर किंवा दीक्षाभूमीवर उभे राहिलेले डोळे आता थोडेच उरले आहेत.

नमो बुद्धाय! जयभीम!