आत्याबाई आणि मामंजी

बदलापुरासारख्या गांवीं जुन्या घरांतील सून माप ओलांडून आंत आली, कीं सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणूं लागे. सासू तर परक्या घराण्यांतली. मग ती आत्या कशी?

मराठींतील नात्यांचे बहुतेक शब्द संस्कृतांतून प्राकृताच्या वाटेनें आले. श्वश्रूची सासू झाली, ननान्दृची नणंद आणि स्नुषेची सून. ‘जाऊ’ हा शब्द तर फारच जुना. तो संस्कृत ‘यातृ’ पासूनचा असून ग्रीक आणि लॅटिन या भाषांतहि त्याचे भाऊबंद होते. मावशी म्हणजे ‘मातृष्वसृ’, आईची बहीण. दूरच्या स्वीडनमध्यें मावशीला ‘मोस्टर’ म्हणतात. तेथेंहि आई आणि बहीण हे दोन शब्द झिजून एक झाले आहेत. बापाच्या बहिणीला ते त्याच रीतीनें ‘फास्टर’ म्हणतात.

संस्कृतांतहि ‘पितृष्वसृ’ होतीच. परंतु मराठीनें ती घेतली नाहीं. आपली आत्या आली ती दक्षिणेकडून. कानडींत ‘अत्ते’ म्हणजे बापाची बहीण, आणि सासूहि. ‘मावा’ म्हणजे मामा, आणि सासराहि. एका शब्दांत दोन नातीं सांठविण्याचें कारण विवाहाच्या चालींत आहे. मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची रूढि दक्षिणेंत आहे, आणि महाराष्ट्रांतहि अनेक जातींत ती चालत आली. मुलगा मामाची मुलगी करतो, तेव्हां त्या मुलीची सासू ही तिच्या बापाची सख्खी बहीण असते. ‘आत्याबाई’ हें तेथें केवळ मानाचें संबोधन नव्हे, तें अक्षरशः खरें नातें असतें. आत्याच्या यजमानांना ‘मामा’ म्हणण्याची चाल अनेक घरीं असल्यानें ‘मामंजी’ चाहि उलगडा होतो.

इरावती कर्वे यांनीं 1953 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांमधील प्रदेश मानलें, तें यामुळेंच. येथें मामाची मुलगी चालते. आत्याची मुलगी मात्र सहसा करीत नाहींत. 1955 च्या हिंदु विवाह कायद्यानेंहि, दोन्ही पक्षांची रूढि असेल तेथें, अशा विवाहाला वाव ठेवला. मौज अशी, कीं ज्या घरांत ही चाल नव्हती तेथेंहि सुनेच्या तोंडीं शब्द तेच राहिले.

आतां बहुतेक सुना सासूला ‘आई’च म्हणतात. त्यांत गोडवा आहे खरा. पण माहेरची आत्या सासरीं कशी आली, हें त्या शब्दावरून कोणाला कळणार नाहीं.